मुरगळलं, निखळलं, मोडलं

रस्त्यावर कुणी पडलं की दोन मिनिटांत गर्दी जमते आणि त्या गर्दीत किमान तीन वैद्य असतात. एक जण पाय हातात घेऊन चोळायला लागतो. दुसरा म्हणतो, "ओढा जरा, शीर चढली असणार." तिसरा पडलेल्याच्या काखेत हात घालून त्याला उभा करतो आणि "चाल, चाल, काही झालेलं नाही" असं बजावतो. तोवर कुणीतरी चहाही सांगितलेला असतो. हेतू सगळ्यांचाच चांगला. पण हाड, सांधा किंवा स्नायू दुखावल्यावर पहिल्या तासात जे करू नये ते बहुतेक सगळं इथे उरकलेलं असतं. चहासुद्धा त्यातच आला. हाड मोडलं असेल आणि भूल देऊन ते बसवावं लागणार असेल, तर भरल्या पोटी भूल देण्यात धोका असतो, म्हणून ऑपरेशन काही तास पुढे ढकलावं लागतं.

महिन्याभराने चित्र उलटं होतं. आता तो सांधा हलायला हवा, स्नायूंना काम मिळायला हवं, तर घरातले सगळे "जपून, अजून ताण देऊ नकोस" म्हणत त्याला गादीवर बसवून ठेवतात. आपल्याकडे दुखापतीवर सुरुवातीला फार उपचार होतात आणि नंतर फार कमी.

घोटा

सगळ्यात जास्त मुरगळणारा सांधा घोट्याचा. जिन्यात शेवटच्या पायरीचा अंदाज चुकतो, फुटपाथवरचा एखादा पेव्हर ब्लॉक उचकटलेला असतो, कबड्डीत चढाई करून परत वळताना पाऊल अडकतं. पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि अंगाचं सगळं वजन त्याच्यावर येतं. हाडाला हाड जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला असे तीन आहेत. त्यांतला पुढचा सर्वांत दुबळा, त्यामुळे पाऊल आत वळलं की बहुधा तोच आधी ताणला जातो किंवा फाटतो. बारीक रक्तवाहिन्या तुटतात, बाहेरच्या घोट्यापुढे बघता बघता सूज चढते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळानिळा रंग टाचेपर्यंत, कधी बोटांपर्यंत उतरतो. तो पाहून लोक घाबरतात, पण ते आधीच सांडलेलं रक्त खाली सरकलेलं असतं. इजा वाढलेली नसते.

खरा प्रश्न असतो तो हाड मोडलंय का, हा. "बोटं हलतायत ना, मग मोडलेलं नाही" हा त्यावरचा लाडका निकाल पार चुकीचा आहे. बोटं हलवणारे स्नायू नडगीच्या बाजूने येतात, घोट्याचं हाड मोडलं तरी ते आपलं काम करत राहतात. सूज किती आहे यावरूनही काही ठरत नाही. नुसता अस्थिबंध फाटला तरी पाय टम्म सुजतो, आणि बारीक चीर गेलेलं हाड कधीकधी फारसं सुजतही नाही.

कॅनडात ओटावा इथे इयन स्टील या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये यावर एक सोपी रीत मांडली. घोटा दुखावून दवाखान्यात येणाऱ्या शंभरातल्या पंधरा किंवा त्याहून कमी लोकांचंच हाड मोडलेलं असतं, पण एक्स-रे मात्र जवळजवळ सगळ्यांचा काढला जातो, हे त्यांना खटकत होतं. त्यांची रीत अशी: बाहेरचा आणि आतला घोटा, दोन्हींची मागची कड टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबून बघायची. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत साधारण मध्यावर हाडाचा जो उंचवटा लागतो तो दाबायचा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. यांतल्या कुठल्याही ठिकाणी नेमकं हाडावर दाबल्यावर कळ आली, किंवा पडल्या पडल्या आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. लंगडत टाकलेली पावलंही चालतात. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता नगण्य. ही रीत जगभर वापरली जाते आणि तिच्यामुळे अनावश्यक एक्स-रे बरेच कमी झाले. दारू प्यायलेल्या, शुद्धीवर नसलेल्या किंवा पायाला बधिरपणा असलेल्या माणसाला ती लावायची नाही, कारण त्याला कळ नीट कळतच नाही. मधुमेहामुळे पाय बधिर झालेले लोक आपल्याकडे इतके आहेत की हा अपवाद अधोरेखित करून ठेवावा.

बर्फ की आंबेहळद

मुरगळलेल्या सांध्याला आराम द्या, बर्फ लावा, पट्टा बांधा, उंच ठेवा. ही चार कलमं जगाला दिली अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी, 1978 सालच्या आपल्या क्रीडावैद्यकाच्या पुस्तकात. चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून 'राइस' तयार झालं आणि शाळेच्या पीटीच्या तासापासून क्रिकेट अकादमीपर्यंत सगळीकडे पोचलं. पुढे 2014 मध्ये खुद्द मिर्किन यांनीच आपलं मत बदलल्याचं जाहीर केलं. सूज म्हणजे शरीराने डागडुजीसाठी पाठवलेल्या पेशींची वर्दळ. बर्फ ती वर्दळ रोखतो आणि पूर्ण आराम दुरुस्ती लांबवतो, असं त्यांचं नवं म्हणणं. तोवर, 2012 मध्येच, काही तज्ज्ञांनी 'राइस'च्या जागी 'पोलीस' आणलं होतं. त्यात नुसत्या आरामाऐवजी झेपेल तेवढा भार आला. मग 2019 मध्ये 'पीस अँड लव्ह' आलं आणि त्यातून बर्फ गायबच झाला. क्रीडावैद्यकातल्या लोकांना आद्याक्षरांचा हा छंद कुठून लागला देव जाणे.

वादातून घरी उपयोगी पडेल असं जे उरतं ते थोडकं आहे. बर्फाने दुखणं कमी होतं, हे खरं. बर्फाने जखम लवकर भरते, याला पुरावा कच्चा आहे. म्हणून पहिले एक-दोन दिवस दुखत असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दोन-तीन तासांच्या अंतराने लावावा. थेट कातडीवर ठेवू नये, त्यानेही भाजतं. फ्रीजरमधली मटारची पिशवी घोट्याभोवती छान बसते. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळत न्यावं. बोटं गार पडली, निळसर झाली किंवा त्यांना मुंग्या आल्या तर लगेच सैल करावं. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. शेक मात्र पहिले दोन दिवस नको. गरम पाण्याची पिशवी, गरम विटेचा शेक, जळजळणारा बाम, या सगळ्यांनी तिथे रक्त वाढतं आणि सूजही.

आणि आंबेहळद? सहाणेवर उगाळलेली आंबेहळद आणि रक्तचंदन, किंचित तुरटी, असा लेप कितीतरी घरांत आजही लागतो. त्याच्या विरोधात बोलायचं मला फारसं कारण दिसत नाही. लेप चोळायचा नसतो, नुसता थापायचा असतो, आणि तो वाळेपर्यंत माणसाला पाय पसरून गप्प बसावं लागतं. तेवढ्यानेच निम्मं काम होतं. कातडी फाटलेली असेल तिथे मात्र लेप नाही, आणि लेपावर विसंबून एक्स-रे टाळायचा नाही.

एक गोष्ट लेप, बर्फ, बँडेज या सगळ्यांच्या आधी करायची असते आणि नेमकी तीच राहून जाते. हाताला लागलं असेल तर अंगठी, घड्याळ, पाटल्या, बांगड्या ताबडतोब काढायच्या. पायाला लागलं असेल तर जोडवी आणि पैंजण. तासाभरात बोट सुजतं आणि अंगठी आत रुतून रक्त अडवायला लागते. मग ती करवतीने कापावी लागते. काचेच्या बांगड्या काढायला बायका का-कू करतात, सुवासिनींना तर ते फारच जड जातं. साबणाच्या पाण्याने निघाल्या तर उत्तमच, नाहीतर फडकं घालून जपून वाढवाव्यात, पण हाताला सूज चढायच्या आत.

दुखणं थांबवायला पॅरासिटामॉल पुरतं. डायक्लोफेनॅकचं जेल न फाटलेल्या कातडीवर हलक्या हाताने लावलं तर मुरगळीत चांगला गुण येतो. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्या, पोटात अल्सर असलेल्या, रक्त पातळ होण्याची औषधं चालू असलेल्या माणसाने डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणून घेऊ नयेत.

चोळणं, आणि हाडवैद्य

दमलेल्या पायांना मालिश करायला कुणाचीच हरकत नाही. आषाढी वारीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपून, तेल लावून देणारे स्वयंसेवक ठिकठिकाणी बसलेले असतात, आणि दिवसभराच्या चालीनंतर ते सुख काय असतं ते वारकऱ्यांनाच विचारावं. पण ते थकलेले स्नायू. ताजी इजा झालेला स्नायू किंवा सांधा चोळला तर आतला रक्तस्राव वाढतो. कोपराच्या बाबतीत तर याहून वाईट घडतं. मूल झाडावरून किंवा सायकलवरून पडतं, कोपर सुजतं, हलत नाही. कुणीतरी रोज तेल लावून जोरजोराने मालिश करतं, हात ओढून सरळ करायचा प्रयत्न करतं. काही आठवड्यांनी कोपराच्या पुढच्या स्नायूत चक्क हाड तयार होऊ लागतं, जिथे ते असायला नको तिथे. मग कोपर अर्धवट वाकलेल्या स्थितीत अडकतं. आपल्याकडच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात असे रुग्ण नवे नाहीत.

याच मुलाचं कोपराच्या जरा वरचं हाड मोडलेलं असेल तर धोका आणखी मोठा. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी 1881 मध्ये त्याचं वर्णन केलं. हाताचे स्नायू घट्ट आवरणांच्या बंद कप्प्यांत असतात. आत सूज वाढली आणि बाहेरून पट्टी घट्ट असली की कप्प्यातला दाब चढतो, स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत ते मरायला लागतात. मेलेल्या स्नायूची जागा आखडलेलं तंतुमय ऊतक घेतं. बोटं कायमची आत वळतात. हे सुरू असताना मिळणारा इशारा ठरलेला आहे: दुखणं इजेच्या मानाने फारच जास्त, औषधाला न जुमानणारं, आणि बोटं हळूच सरळ केली की मूल किंचाळतं. मनगटाची नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नये, ती बरेचदा शेवटपर्यंत लागते. अशा वेळी पट्टी, प्लास्टर जे काही असेल ते पूर्ण सोडायचं आणि तातडीने मोठं रुग्णालय गाठायचं.

बांबूच्या कामट्या आवळून बांधणाऱ्या हाडवैद्यांमुळे असे हात दिसतात, म्हणून डॉक्टर त्यांच्यावर चिडतात. चिडण्यात तथ्य आहे, पण त्या परंपरेचा उगम अडाणी नव्हता. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे 12 आणि सांधा निखळण्याचे 6 प्रकार वेगवेगळे करून सांगितले आहेत. पळस, वड, पिंपळ, उंबर, अर्जुन यांच्या साली आणि बांबू वापरून मोडक्या हाडाला आधार कसा द्यायचा, मांडीचं हाड मोडलेल्याला फळीवर कसं निजवून ठेवायचं, हे त्यात आहे. पट्टी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलायची, असंही आहे. इथे लागू पडणारी गोष्ट म्हणजे सैल बांधलं तर सांधा स्थिर होत नाही आणि फार आवळलं तर सूज, वेदना होऊन कातडी पिकते, हेही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. फोल्कमानच्या कितीतरी शतकं आधी. आज गल्लीत पाटी लावून बसलेल्याने ते वाचलेलं नसतं, एवढंच. त्याच्याकडे एक्स-रेही नसतो.

इंग्लंडमध्ये गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. ह्यू ओवेन थॉमस वेल्समधल्या पिढीजात हाडवैद्यांच्या घरातला. तो रीतसर डॉक्टर झाला, लिव्हरपूलमध्ये गोरगरिबांची हाडं बसवत राहिला आणि पायाच्या सांध्यांसाठी त्याने लोखंडी कडीची एक साधी चौकट बनवली. त्याच्या हयातीत तिचं फारसं कौतुक झालं नाही. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट जोन्स यांनी ती मांडीचं हाड मोडलेल्या सैनिकांसाठी आघाडीवर वापरायला लावली आणि अशा सैनिकांचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. मांडीचं हाड मोडलं की आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त सांडतं, बाहेर थेंबही दिसत नाही. हाडाची टोकं हलायची थांबली तर तो रक्तस्राव आटोक्यात राहतो. हीच थॉमस स्प्लिंट अजूनही रुग्णालयांत असते.

मनगट

पडताना माणूस हात पुढे टेकतो. तरुण माणसाचं नुसतं खरचटतं, साठीतल्या बाईचं मनगट मोडतं. डब्लिनच्या एब्राहम कॉलीस यांनी 1814 मध्ये या मोडीचं वर्णन केलं, एक्स-रेचा शोध लागायच्या 81 वर्षं आधी, निव्वळ हाताने चाचपून. बाजूने पाहिलं तर मनगटाचा आकार जेवणाच्या काट्यासारखा दिसतो. प्लास्टरमध्ये सहा आठवडे, आणि हाड नीट जुळतं. पण पन्नाशीनंतर साधं पडून मनगट मोडलं तर तो हाडं ठिसूळ झाल्याचा इशारा असतो, आणि त्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. प्लास्टर निघालं की विषय संपला, असंच सगळे धरून चालतात. त्याच वेळी हाडांची घनता तपासून उपचार सुरू केले तर काही वर्षांनी मोडणारा खुबा कदाचित वाचतो.

तरुणांच्या मनगटात वेगळाच सापळा असतो. अंगठा ताणून धरला की मनगटाच्या मुळाशी दोन शिरांमध्ये खळगा पडतो. जुन्या लोकांनी तपकिरीची चिमूट ठेवायची जागा हीच. हात टेकून पडल्यावर या खळग्यात दाबून दुखत असेल तर तिथल्या होडीच्या आकाराच्या छोट्या हाडाला चीर गेलेली असू शकते, आणि ती पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून मुलगा पुन्हा बाइक चालवायला लागतो. या हाडाला रक्त एकाच टोकाकडून येतं. मोड मधोमध असेल तर दुसरं टोक रक्ताविना मरू शकतं, आणि मग तिशीतच मनगटाचा संधिवात मागे लागतो. खळग्यात दुखत असेल तर फोटो काहीही म्हणो, मनगट बांधून ठेवायचं आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा.

मुलांची हाडं ओल्या काठीसारखी, वाकतात आणि एकाच बाजूने तडकतात. ती जुळतातही भराभर. तीनचार वर्षांच्या पोराच्या बाबतीत आणखी एक प्रकार नेहमी घडतो. रस्ता ओलांडताना आईने हात धरून झटकन वर उचललं, किंवा मामाने दोन्ही हात धरून गरागरा फिरवलं, की मूल एकदम रडतं आणि तो हात लोंबता ठेवून वापरायचं बंद करतं. कोपरातलं एक हाड त्याच्या कडीतून किंचित निसटलेलं असतं. डॉक्टर क्षणार्धात ते बसवतात आणि पाच-दहा मिनिटांत पोरगं त्याच हाताने बिस्किट मागतं. आईला अपराधी वाटायचं कारण नाही. मामाला थोडं वाटलं तरी चालेल.

खांदा आणि बोट

निखळणाऱ्या मोठ्या सांध्यांत खांदा पहिला. तो जवळजवळ नेहमी पुढच्या बाजूला निखळतो, खांद्याची गोलाई जाते, माणूस दुसऱ्या हाताने तो हात धरून वाकून बसतो. सिनेमात नायक भिंतीवर खांदा आपटून तो बसवतो. तसं करू नये, दुसऱ्यालाही करू देऊ नये. त्या सांध्याशेजारून खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस जाते, शिवाय निखळताना बाजूचं हाडही तुटलेलं असू शकतं, म्हणून आधी फोटो आणि मगच बसवणं. ओढणी किंवा उपरणं गळ्यात बांधून हात आहे त्या स्थितीत छातीशी धरायचा आणि निघायचं.

क्रिकेटचा चेंडू बोटाच्या टोकावर आदळला आणि टोक खाली झुकलं, स्वतःहून सरळ होईना, तर बोट सरळ करणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टोकाशी तुटलेली असते. फारसं दुखत नाही, म्हणून लोक महिनाभर तसेच फिरतात. इलाज प्लास्टिकची एक छोटी पट्टी आहे, सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. अंघोळीच्या वेळी काढली आणि टोक एकदा जरी झुकलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. इतक्या छोट्या इजेसाठी इतकी कडक शिस्त लागते, आणि ती पाळणारा रुग्ण विरळाच.

थर कोसळतो तेव्हा

गोपाळकाल्याला मुंबई-ठाण्यात नऊ थर लागतात, म्हणजे चाळीस फुटांच्या आसपास उंची. थर कोसळल्यावर काय होतं ते आपण दरवर्षी टीव्हीवर बघतो: दोघं जण काखेत आणि पायांत हात घालून गोविंदाला उचलतात, मान मागे लोंबत असते, आणि त्याला रिक्षात कोंबतात. कोकणात आंब्याच्या किंवा नारळाच्या झाडावरून पडलेल्या माणसालाही असंच जीपमध्ये घालतात. मानेचा मणका मोडला असेल आणि आतली मज्जारज्जू अजून शाबूत असेल, तर ती या उचलण्यात तुटू शकते. आयुष्यभराचं अपंगत्व पडण्याऐवजी उचलण्यातून येतं.

उंचावरून पडलेल्याची मान दुखत असेल, हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, किंवा तो शुद्धीवर नसेल, तर त्याला जागेवरून हलवायचं नाही. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं, दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका 2014 पासून मोफत आहे. उलटी होत असेल आणि कुशीवर वळवायलाच हवं असेल तर डोकं, खांदे, कंबर एकाच वेळी, चौघांनी मिळून. श्वासच थांबला असेल तर मात्र मानेचा विचार मागे ठेवून छाती दाबायला लागायचं.

हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नये. त्यावर हळद, कॉफी, माती यातलं काहीही नाही. स्वच्छ ओलसर फडकं, वरून सैल पट्टी, आणि रुग्णालय. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन आणि जंतुनाशक औषध जितक्या लवकर सुरू होईल तितका हाडात पू होण्याचा धोका कमी. हात किंवा पाय बांधून न्यायचा तर वर्तमानपत्राची जाड घडी, छत्री, पुठ्ठा, काहीही चालतं, फक्त मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर व्हायला हवेत. वाकडा झालेला हात वाकडाच बांधायचा.

प्लास्टर

प्लास्टरच्या पट्टीचा जनक डच लष्करी शल्यविशारद अँटोनियस मॅथाइसेन, 1851. सुती पट्टीत जिप्समची भुकटी, पाण्यात बुडवायची आणि गुंडाळायची. गणपतीच्या मूर्तींमुळे आपल्याकडे वादात सापडलेलं पीओपी ते हेच. घट्ट होताना ते गरम होतं, त्याने घाबरू नये. पहिले दोन दिवस हात-पाय उंच ठेवावा आणि बोटं सतत हलवावीत. आत खाज आली तर विणायची सुई, फूटपट्टी घालू नये. कातडी सोलवटते आणि आत पू होतो, तो प्लास्टर काढेपर्यंत कळत नाही. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत चाललं तर सकाळची वाट पाहू नये.

हाड भरून येताना आधी तिथे रक्ताची गाठ होते, मग मऊ कूर्चा, मग कच्चं हाड, आणि मग कित्येक महिने त्याला आकार येत राहतो. बोटाला तीन-चार आठवडे, मनगटाला सहा, नडगीला तीन-चार महिने किंवा जास्त. पायाचं सूप प्यायल्याने ते लवकर जुळत नाही. सूप चवीसाठी प्यावं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा भाकरीने काम होतं; सोबत प्रथिनं आणि ड जीवनसत्त्व हवं. बिडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो, हे मात्र नक्की.

उसण

वाकून बादली उचलली आणि कमरेत उसण भरली. यावर महाराष्ट्रातला जुना इलाज म्हणजे पायाळू माणूस शोधणं. जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते म्हणतात, आणि जातेही. अशी बहुतेक उसण काहीही केलं तरी थोड्या आठवड्यांत जातेच, हे पायाळूच्या पथ्यावर पडतं. पाय हलका लावला तर नुकसान नाही. लाथ मात्र नको. त्याहून नुकसान करतं ते महिनाभर फळीवर झोपून राहणं. एक-दोन दिवसांपुढे झोपून राहिल्याने कंबर आणखी आखडते. झेपेल तसं घरात फिरत राहावं. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर पायाळू नाही आणि फॅमिली डॉक्टरही नाही, त्याच दिवशी रुग्णालय.

बॅडमिंटन खेळताना टाचेमागे कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि वळून पाहिलं तर मागे कुणीच नाही, ही टाचेची कंडरा तुटल्याची नेहमीची कहाणी. चाळिशीत पुन्हा रॅकेट हातात घेतलेले लोक तिचे नायक. पालथं झोपवून पोटरी दाबायची. कंडरा शाबूत असेल तर पाऊल खाली हलतं, तुटली असेल तर हलत नाही.

नंतरचे आठवडे

सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेली पोटरी बाहेर येते तेव्हा दुसरीच्या मानाने काटकुळी दिसते. आता खरं काम सुरू होतं आणि नेमके इथेच फिजिओथेरपीचे पैसे वाचवले जातात. मुरगळलेल्या घोट्याचंही तेच. सूज उतरली, दुखणं गेलं, म्हणजे बरा झाला असं नव्हे. फाटलेल्या अस्थिबंधाबरोबर पावलाची स्थिती मेंदूला कळवणारे तंतूही दुखावलेले असतात. पाऊल वाकडं पडतंय ही खबर उशिरा पोचते, म्हणून तोच घोटा वर्षभरात पुन्हा मुरगळतो. त्यावरचा व्यायाम बिनखर्चाचा आहे: दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहायचं, आधी बेसिनला धरून, मग न धरता, मग डोळे मिटून. टाचा उचलून हळूहळू खाली टेकायच्या.

मोडलेला खुबा हा या विषयातला सर्वांत गंभीर अध्याय. आजी न्हाणीघरात घसरते, उठता येत नाही, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. "या वयात ऑपरेशन कशाला" म्हणत घरचे अंथरुणावर ठेवतात, आणि पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या यांपैकी काहीतरी तिला नेतं. नव्वदीतल्या माणसाचंही ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत करून दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, कारण पडून राहण्याचा धोका ऑपरेशनच्या धोक्यापेक्षा मोठा ठरतो. न्हाणीघरात भिंतीला पकडायचा दांडा बसवायला एक सुतार आणि अर्धा तास लागतो. फरशी ओली नसावी, रात्रीचा एक दिवा चालू असावा, आणि मोठ्यांच्या पायांत गुळगुळीत झालेली स्लिपर नसावी.

मैदानात परत कधी जायचं, असं घोटा मुरगळलेली मुलं विचारतात. तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दुखऱ्या पायावर लंगडी घालता आली, त्याच पायावर उडी मारून न डळमळता उतरता आलं, धावताना दोन्ही बाजूंना एकदम वळता आलं, की जायचं. सुरुवातीचे काही महिने घोट्याला पट्टा बांधून.